प्रयागबाईंचा पाट

मी पाट. सागाचा, चांगला रुंद. मंचरच्या सुताराने मला नवरीला बसवायला घडवलं होतं. पण माझ्यावर नवरी कधी बसलीच नाही, पोरी नाचल्या.

प्रयागबाई फडातलं नाचणं सोडून निमगाव सावात राहायला आल्या आणि मुलींना नाच शिकवू लागल्या. त्यांनीच मला विकत घेतलं. त्यांची रीत निराळी. पहिल्यांदा पायात चाळ बांधायचे नाहीत. अनवाणी माझ्यावर उभं राहायचं आणि नुसते पाय वाजवायचे.

"चाळ समद्या चुका झाकत्यात गं," बाई म्हणायच्या, "पाट न्हाई झाकत."

पाऊल खरं पडलं की मी खणखणीत बोलायचो. चुकलं की नुसतं थप्प. "रुसला बघ पाट!" म्हणून बाई हसायच्या.

पुढे बाई अंथरुणाला खिळल्या. तेव्हा शिकून गेलेल्या पोरींपैकी एकटी स्नेहल यायची, बाकी कुणी फिरकलं नाही. तीच आता येडगावच्या मुलींना नाच शिकवते, फरशीवर.

आणि बाई गेल्यावर आज हा जुन्या विद्यार्थिनींचा स्मरणसोहळा! "बाई म्हंजी माझी आईच व्हती," असं माईकवर रडून आरती खाली उतरली आणि भज्यांची प्लेट माझ्यावर ठेवून खायला बसली. तेल माझ्या रेषारेषांत झिरपलं. खाऊन झाल्यावर तिने बोटंही माझ्याच कडेला पुसली. मला शिसारी आली. तेलाची थोडी, त्या रडण्याची जास्त.

स्नेहल म्हणाली, "पाट मला द्या. पोरी शिकतील त्याच्यावर."

"वा गं! तुला एकटीलाच?" आरती म्हणाली. "बाई समद्यांच्या व्हत्या. तुकडे करू, वर बाईंचा फोटो चिकटवू. ज्येच्या त्येच्या शोकेसमधी एक. लई भारी दिसंल!"

टाळ्या पडल्या. लगेच चिमाजी सुताराला बोलावलं. त्याने माझ्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या.

तेवढ्यात स्नेहलने चपला काढल्या, मला हात लावून नमस्कार केला आणि ती माझ्यावर उभी राहिली. "आता कापा, चिमाजीभाऊ." तिने पाय वाजवायला सुरुवात केली.

"उतर गं, तमाशा नको," आरती खेकसली.

"तू ये की वर. आई व्हती ना तुझी? दोन पावलं टाकून दाखव."

आरती सॅंडलच्या पट्ट्याशी उगाच चाळा करत राहिली आहे. चिमाजीने करवत अजून खाली ठेवलेली नाही.

दमलीस तरी चालेल, पोरी, पण उतरू नकोस.