पेपरवेटखालची जागा

मित्रांनो, मी एक जुना पेपरवेट आहे. काचेचा, गोल गरगरीत, पोटात निळं फूल असलेला. वजनाला चांगला आहे, अकलेचं तुम्ही ठरवा. आयुष्यभर मी एकच काम केलं, लोकांचे कागद दाबून बसलो. ऐकायला सोपं वाटतं ना? बसून दाखवा एकदा, म्हणजे कळेल.

माझा जन्म काचेच्या भट्टीपाशी झाला. कारागीर मला घडवत होता आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली. फुलाशेजारी हवेचा एक टपोरा बुडबुडा अडकला, तो कायमचाच. माझी भावंडं मखमली खोक्यांत बसून गेली आणि मला डागी माल म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात टाकलं. फार वाईट वाटलं हो. मग एक दिवस पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यातले एक तरुण साहेब आले. नवी नोकरी, नवं टेबल, त्यावर ठेवायला पेपरवेट हवा होता. दुकानदार चांगला माल दाखवत असताना साहेबांनी मलाच उचललं. म्हणाले, "हाच द्या. बुडबुड्यामुळे ओळखू तरी येईल. ऑफिसात वस्तू पळवतात हो!"

साहेबांचं काम नोकरभरतीचं. टपालातून बायोडेटांचा गठ्ठा यायचा, शिपाईकाका पाकिटं फोडायचे आणि डोक्यावर पंखा गरगरायचा. साहेबांना पटलेला कागद माझ्याखाली जायचा, न पटलेला बाजूच्या टोपलीत. माझ्याखाली जागा मिळाली की मुलाखतीचं बोलावणं आलंच म्हणून समजा. त्या दिवसांतला माझा रुबाब काही विचारू नका.

टोपली मात्र भराभर भरायची. साहेब एकेक कागद वाचून वैतागायचे. "मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का. हा दुसरा, मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का. काका, या जगात आळशी माणूसच उरला नाही की काय?"

"आळशी माणूस अर्ज कशाला करेल साहेब?" काका म्हणायचे. "त्याला कंटाळा नाही का येणार?"

काही जण उठून दिसायला नाही नाही ते करायचे. कुणी सोनेरी नक्षीची चौकट काढायचा, कुणी कागदाला अत्तर लावायचा. एकाने काळा चष्मा लावलेला फोटो चिकटवला होता आणि खाली तिसरीतल्या गाण्याच्या बक्षिसाची प्रत जोडली होती. असे कागद उठून दिसायचे, नाही असं नाही. चहाच्या वेळी सगळ्या ऑफिसात फिरायचे आणि हसून झालं की टोपलीत जायचे.

एकदा मात्र एका मुलीचा साधाच कागद आला. तिने लिहिलं होतं, "दुकानात साठा सांभाळत होते. कामाला लागले तेव्हा एकेक वस्तू शोधायला अर्धा तास लागायचा. फळ्या नव्याने लावल्या, नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. आता नवा माणूससुद्धा वस्तू चटकन काढून देतो." साहेब ताठ बसले. "काका, हिला बोलवा. हिने काहीतरी केलंय." तो कागद माझ्याखाली आला, तेव्हा खरं सांगतो, मलाच छान वाटलं.

पुढे अर्ज कॉम्प्युटरवर यायला लागले. कागद गेले, ऑफिसात एसी आला, खिडक्या बंद झाल्या. वाराच नाही तर मला विचारतो कोण! कधी कुणी माझ्यावर पेन टेकवायचं, कधी चष्मा. धूळ बसून माझं फूलही दिसेनासं झालं. मग एक दिवस कारखाना दुसऱ्याच कुणी विकत घेतला आणि साहेबांचा अख्खा विभाग बंद केला. साहेबांचे केस तोवर पांढरे झाले होते, आणि त्यांच्या मुलीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं. एका खोक्यात त्यांचा कप, चष्म्याचं घर आणि मी, असे आम्ही घरी आलो.

आता साहेबांना स्वतःचा बायोडेटा लिहायचा होता. इतरांचे इतके वाचले, पण स्वतःचा लिहायची वेळच आली नव्हती. जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले, पेन चावलं, छताकडे पाहिलं आणि लिहिलं, "मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का."

अरे देवा! मला वाटलं, टेबलावरून गडगडत खाली जावं.

तो बायोडेटा त्यांनी सगळीकडे पाठवला. कुठूनच उत्तर आलं नाही. मग त्यांनी त्यात भर घातली, छंद लिहिले, आणि मुलीला सांगून भोवती सोनेरी चौकटसुद्धा काढून घेतली. तरीही फोन वाजला नाही. साहेब दाढी करायचे थांबले. फोन टेबलावर ठेवून नुसते बसून राहायचे आणि मला उगाच गोल गोल फिरवायचे. त्यांची बोटं गार लागायची. मला त्यांची फार काळजी वाटत होती.

एका सकाळी त्यांच्या बायकोने मला बाजूला सरकवलं, कागद उचलला आणि चहा पिता पिता शेवटपर्यंत वाचला.

"अहो, हा कोण माणूस?" तिने विचारलं. "माझं लग्न याच्याशी नाही झालेलं."

"असंच लिहितात," साहेब पुटपुटले.

"छंद, वाचन. शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?"

मुलगी फिसकन हसली. साहेबांनी मुकाट्याने ती ओळ खोडली.

"आणि असले कागद टोपलीत टाकतो, हे रोज जेवताना कोण सांगायचं? आता मला सांगा, इतकी वर्षं तिकडे केलंत काय?"

"माणसं भरती केली."

"ते तर भरतीवाले सगळेच करतात. तुम्ही काय केलंत?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तसं विशेष काही नाही गं."

"बाबा, ते सोबतीचं?" मुलगी म्हणाली. "नवीन माणसाला जुना सोबती द्यायचात ते?"

"ते होय? त्यात काय? नवी पोरं महिन्याभरात पळून जायची. कुणी काही दाखवायचंच नाही त्यांना. म्हणून प्रत्येकाला पहिले काही आठवडे एक जुना माणूस जोडून दिला. मग टिकायला लागली. पण हे लिहायचं कसलं? ते तर माझं कामच होतं."

"अहो, तेच तर लिहायचं!" बायकोने कपाळाला हात लावला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्यातून आरपार, जुन्या टोपलीकडेच जणू. त्यांचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे ती सगळी माणसं... त्यांनीही काहीतरी केलेलंच असणार गं. लिहायला लाजली असतील. आणि मी त्यांना हसलो." त्यांचे डोळे भरून आले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवशी मुलीने विचारत जायचं आणि साहेबांनी सांगत जायचं, असा एका पानाचा नवा बायोडेटा तयार झाला. त्यात सोबतीची गोष्ट सगळ्यात वर होती. मुलाखतीला येऊनही नोकरी न मिळालेल्यांना कारण कळवायची पद्धत त्यांनी सुरू केली होती, ती त्याखाली. चौकट गेली, मेहनती आणि प्रामाणिकही गेले. पान पुसलेल्या टेबलावर ठेवून बायकोने मला त्यावर बसवलं. माझ्या साहेबांचा कागद पहिल्यांदाच माझ्याखाली आला होता. मी तो असा दाबून धरला की पंखा थकला असता, पण पान हललं नसतं.

काही दिवसांनी एका मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. साहेब दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले. घरात तिघं तीन ठिकाणी ताटकळत होतो, मुलगी खिडकीत, बायको दारात आणि मी टेबलावर. साहेब परतले ते जिन्यातूनच सांगत. "सोबतीचंच विचारत होते गं, दुसरं काही नाहीच! म्हणाले, आमच्याकडे नव्या परिचारिका टिकत नाहीत, कधीपासून येता?" मुलीने आनंदाने मला उचललं, पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसलं, आणि किती वर्षांनी माझं निळं फूल लखलखलं.

आता मी दवाखान्यातल्या टेबलावर असतो. इथे खिडक्या सताड उघड्या असतात आणि अर्ज अजून कागदावर येतात, तेव्हा माझी पुन्हा चंगळ आहे. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी स्वतःबद्दल चार ओळी लिहाल. तेव्हा मोठमोठे शब्द उसने आणू नका, तुमच्या हातून काय झालं ते साधेपणाने लिहा. आणि दुसऱ्याचा कागद तुमच्या हाती आला, तर तो जरा जपून धरा. कागद फार हलका असतो हो, फुंकरीनेही उडतो.

साहेबांच्या इथल्या पहिल्याच दिवसाची गोष्ट सांगतो. पहिलं पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं, "मेहनती, प्रामाणिक, वेळेचा पक्का." सवयीने त्यांचा हात टोपलीकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी मला उचललं, कागद माझ्याखाली ठेवला आणि फोन लावला.

"नमस्कार. तुमचा बायोडेटा वाचला. मेहनती आहात, ते कळलं. आता मला सांगा, तुम्ही काय काय केलंत?"

पलीकडून एक दबका आवाज आला, "तसं विशेष काही नाही, साहेब..."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

"असं मीही म्हणायचो," ते म्हणाले. "सांगा तुम्ही, मी लिहून घेतो."