थर्मासातली जास्तीची ऊब

मी एक जुना थर्मास आहे. माझ्यातून आता कुणी चहा पीत नाही, आणि मित्रांनो, तुम्हीही कधी पिऊ नका. माझ्या पोटात एकदा असा क्षार भरला गेला की कितीही विसळलं तरी स्वयंपाकघरात परत यायची माझी लायकी राहिली नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं.

माझा जन्म काचेच्या भट्टीसमोर झाला. एका कारागिराने गाल फुगवून मला फुंकलं, मग माझ्यावर काचेची दुसरी भिंत चढवली आणि दोन्ही भिंतींमधली हवा काढून घेतली. त्या पोकळीमुळेच मला ऊब धरून ठेवता येते. नंतर मला लाल पत्र्याचा अंगरखा मिळाला, त्यावर दोन पिवळे गुलाब. गुलाब काही खास नव्हते, पण तेव्हा मी स्वतःला फार देखणा समजत असे.

खोक्यात बसून मी नारायणगावला फतेचंदशेठच्या भांड्यांच्या दुकानात आलो. कुकर आणि दुधाच्या किटल्या यांच्यामध्ये मला जागा मिळाली. आठवडी बाजाराच्या दिवशी येडगाव, खोडदकडची माणसं यायची, माझं तोंड कानाला लावून आत घुमतं का ते ऐकायची आणि मला परत फळीवर ठेवून स्टीलचा डबा घेऊन जायची. लग्नाच्या आहेरात काचेची वस्तू कोण देणार? असं बरंच चाललं. मग शेठ आजारी पडले. त्यांना पुण्याच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या पत्नी मोहनबाई दुकानात आल्या आणि त्यांनी मला फळीवरून उचललं.

मोहनबाईंचं घर जैनांचं. त्या फक्त उकळलेलं पाणी पीत. प्रवासात, दवाखान्यात, कुठेही. त्यांचं ते पाणी मी नेत असे. दवाखान्याच्या खाटेखाली मी महिनाभर उभा होतो आणि शेठना लागेल तेव्हा घोटभर पाणी देत होतो. डॉक्टरसुद्धा एकदा म्हणाले, ''थर्मास चांगला आहे हो तुमचा.'' मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे एवढंच कौतुक. शेठ काही परत आले नाहीत. मी आलो. मोहनबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि कपाटावर ठेवून दिलं. नंतर कितीतरी दिवस मला कुणी हात लावला नाही.

घरात आता दोघंच उरली, मोहनबाई आणि त्यांचा मुलगा कल्पेश. मुलगी नीलम लग्न होऊन नगरला गेली होती. कल्पेश पुण्यात रसायनशास्त्र शिकला होता आणि त्याला पुढेही शिकायचं होतं, पण वडील गेल्यावर दुकानाच्या गादीवर बसावं लागलं. दिवसभर तो ताटंवाट्या वजनकाट्यावर ठेवायचा. घरी आला की जेवायचा आणि गप्प बसायचा. गावात त्याच्याशी इलेक्ट्रोलिसिसबद्दल बोलणारं कोण असणार?

मग घरात संगणक आला आणि टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आलं. किर्रकिर्र आवाज करत ते जोडलं जायचं. कल्पेशला तिथे त्याची माणसं भेटली. कुणी अमेरिकेतला, कुणी जपानमधला, एक कॅनडातले वॉल्टर नावाचे म्हातारे. कुणी मोठे शास्त्रज्ञ नव्हते, सगळे आपापल्या घरात, गॅरेजात, पडवीत प्रयोग करणारे हौशी लोक. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना ईमेलने पोहोचायचं. त्यांचा विषय होता कोल्ड फ्यूजन. पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की पाणी फुटून वायू होतात, हेच ते इलेक्ट्रोलिसिस, तुम्ही शाळेत शिकता. काही वर्षांपूर्वी परदेशात कुणी तरी असं जाहीर केलं होतं की हे करताना कधीकधी दिलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, जणू सूर्याच्या पोटातलं काम बरणीत होतंय. इतरांनी करून पाहिलं तर बहुतेकांना तसं काही दिसलं नाही, आणि जगाने तो विषय सोडून दिला. या मंडळींनी मात्र सोडला नव्हता.

प्रयोगासाठी ऊब न गळणारं भांडं हवं होतं, म्हणून कल्पेशने मला कपाटावरून खाली घेतलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या बुचाला त्याने भोकं पाडली. दोन तारांसाठी, एक थर्मामीटरसाठी, एक वायू जायला आणि एक वरून पाणी घालायला, त्याला रबराचं झाकण. तारांच्या टोकाला निकेलचे जुने रुपये लावले, चुंबकाला चिकटणारे, आणि वीज नीट वाहावी म्हणून पाण्यात क्षार घातला. शेजारी विजेच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणाऱ्या गेणभाऊने बॅटरीचा चार्जर दिला.

''काय राव कल्पेशशेठ, थर्मासात करंट शिजवताय का?'' गेणभाऊने विचारलं.

''ऊब मोजतोय, गेणभाऊ.''

''मग हात लावून बघा की! त्याला येवढं लचांड कशाला?''

कल्पेश हसला. मोहनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही विचारलं, ''यात काय चाललंय रे?'' तेव्हा मात्र तो हसला नाही. ''आई, तुला नाही कळायचं,'' एवढंच म्हणाला आणि संगणकाकडे वळला. मित्रांनो, वाईट वाटतं म्हणालो ते याचं. तो जपानमधल्या माणसाला चार पानं लिहायचा आणि मोहनबाईंना चार शब्द.

चातुर्मास सुरू झाला होता. मोहनबाईंचा दिवस ठरलेला असे. सकाळी पाणी उकळायच्या. पावसाळ्यात त्या पाण्याची मुदत तिसऱ्या प्रहरी संपते, मग ते चालत नाही, म्हणून दुपारी पुन्हा ताजं उकळायच्या. सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी सगळं उरकलेलं. कल्पेशही त्याच वेळी दुकानातून जेवायला येत असे, आणि ताटावर बसण्याआधी माझा पारा बघत असे.

पहिले काही दिवस पारा जिथे असायला हवा तिथेच राहिला. मग एका संध्याकाळी तो वर दिसला. दुसऱ्या दिवशीही वर. सकाळी बघावं तर नेहमीसारखा, संध्याकाळी बघावं तर चढलेला! कल्पेशने चार्जर बदलला, मीटर बदलला, थर्मामीटर बदलला. पारा चढायचा थांबेना. शिवाय माझ्यातलं पाणी जेवढं आटायला हवं तेवढं आटत नव्हतं. तो टाइप करताना स्वतःशीच मराठीत पुटपुटायचा, त्यामुळे मला सगळं कळत असे. ''रोज दुपारनंतर जास्तीची ऊब मिळते,'' त्याने जगाला कळवलं.

जगात एकच गडबड उडाली. कुणी म्हणालं हवेतल्या ओलाव्यामुळे, कुणी म्हणालं निकेलला सवय व्हायला वेळ लागतो. एकाने नकाशा बघून विचारलं, तुमच्या जवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीचे तव्यासारखे मोठे अँटेना आहेत, त्याचं काही असेल का? गेणभाऊचंही तेच मत पडलं. ''त्या तव्यांचाच करंट हाय ह्यो,'' तो ठामपणे म्हणाला. ते अँटेना आकाशातलं फक्त ऐकतात, पाठवत काहीच नाहीत, हे कल्पेशने दोघांनाही समजावलं.

वॉल्टरनी मात्र साधा प्रश्न विचारला होता. तुझ्या भांड्याला घरातलं कुणी हात लावतं का? कल्पेशने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिलं, ''नाही. माझ्याशिवाय त्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.''

मित्रांनो, त्या वेळी मला ओरडावंसं वाटलं. पण थर्मासला ओरडता येत नाही. रोज दुपारी, घर अगदी सामसूम असताना, मोहनबाई माझ्यापाशी येत होत्या. त्या बुचाच्या भोकातून आत डोकावायच्या. ''आटलं की रे पुन्हा,'' म्हणायच्या. ''कोरडा पडलास तर तडकशील. तुझ्यातलं पाणी शेवटपर्यंत पिले ते.'' आणि ताजं उकळलेलं पाणी, त्यांच्या हाती दुसरं पाणी नसेच, माझ्यात पेलाभर ओतायच्या. मग रबराचं झाकण नीट लावून थोडा वेळ जवळ बसायच्या. नीलमचा फोन लागत नाही, गुडघा दुखतो, जैन स्थानकात आज महाराजसाहेबांचं व्याख्यान छान झालं, असं काहीबाही मला सांगायच्या. मी ऐकायचो. ती ऊब मी संध्याकाळपर्यंत जपून ठेवायचो, कारण मला तेवढंच येतं. पण त्या जपून ठेवण्याचा असा अर्थ निघेल, हे मला कुठे ठाऊक होतं?

गटाने ठरवलं की कल्पेशने वायूची नळी तेवढी मोकळी ठेवून बाकी सगळं मेणाने बंद करावं. तरीही ऊब मिळाली तर मानायचं. वॉल्टरनी तर तसंच भांडं बनवायला घेतलं होतं. कल्पेश दुकानातसुद्धा गुणगुणत बसतो, असं गेणभाऊ सांगत होता. आपण गादीवर बसून कुजलो नाही, जगाच्या उपयोगाचं काही तरी आपल्या हातून झालं, एवढंच त्याला स्वतःला पटवायचं होतं. त्याने मेण वितळवलं आणि मला बंद केलं.

त्या दुपारी मोहनबाई आल्या. झाकण निघेना. त्यांनी बोटाने मेण चाचपलं, पेला हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. संध्याकाळी पारा जागचा हललेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कल्पेश जेवला नाही.

संवत्सरीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणसं वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागतात. मोहनबाईंचा उपास होता. संध्याकाळी स्थानकातून आल्यावर त्या कल्पेशच्या खोलीत आल्या आणि मुलापुढे हात जोडले. ''खमतखामणा. काही चुकलं असलं तर माफ कर.''

''खमतखामणा, आई,'' तो दरवर्षीसारखं म्हणाला. नजर माझ्यावरच होती.

मोहनबाई गेल्या नाहीत. ''तू मेण लावलंस, म्हणजे माझं कायतरी चुकलं असंल,'' त्या म्हणाल्या. ''मी रोज दुपारी त्यात पाणी घालायची. आटायचं ना ते.''

''पाणी? कसलं पाणी?''

''माझंच. उकळलेलं.''

कल्पेश उठून उभा राहिला. ''गरम?'' त्याने विचारलं. त्यांनी मान हलवली. ''कशाला हात लावलास तू? मला विचारायचं तरी!''

''विचारलं व्हतं की,'' मोहनबाई हळूच म्हणाल्या. ''तू म्हणालास, तुला नाही कळायचं.''

कल्पेश खाली बसला. तो गप्प राहिला असता तर जगात कुणालाही कधी कळलं नसतं. आधी ऊब होती, मग गेली, का गेली ते ठाऊक नाही, असं म्हणून मान राखता आला असता. मला वाटलं, हा तेच करणार. पण त्याने संगणक सुरू केला. जोडणीची किर्रकिर्र संपेपर्यंत डोळे पुसले आणि पुटपुटत लिहू लागला, ''माझ्या भांड्याला कुणी हात लावत नाही असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. ती ऊब माझ्या आईने घातलेल्या पाण्याची होती. आज आमच्याकडे क्षमा मागायचा दिवस आहे. मी तुम्हा सर्वांची क्षमा मागतो.''

दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. एकाने खूप टिंगल केली. काहींनी नुसतंच गटातून नाव काढून घेतलं. ज्यांनी महिनाभर रोज लिहिलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नाही. सगळ्यात शेवटी वॉल्टरचं उत्तर होतं. कल्पेशने ते वाचलं, आणि मग, मित्रांनो, पहिल्यांदाच त्याने आईला खोलीत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि वाचलेलं मराठीत सांगितलं.

''ते म्हणतात, खरं सांगितलंस ते बरं केलंस. ते म्हणतात, मीही माझं भांडं मेणाने बंद केलं होतं, पण त्याची गरज नव्हती. माझ्या घरात त्याला हात लावणारं कुणीच नाही.''

मोहनबाईंनी संगणकाच्या काचेकडे निरखून बघितलं. ''एकलेच ऱ्हातात का ते?''

''हो.''

''मग त्यांच्या थर्मासात पाणी कोण घालतं?''

कल्पेशने आईचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

नंतरही प्रयोग चालला. यात काय होतं ते त्याने मोहनबाईंना समजावलं. दुपारचा पारा त्याच बघू लागल्या, आणि तो दुकानातून आला की सांगायच्या, ''जिथल्या तिथं हाय.'' जास्तीची ऊब कधीच मिळाली नाही. तसं तो प्रामाणिकपणे कळवत राहिला. ऐकणारे कमी कमी होत गेले. एका हिवाळ्यानंतर वॉल्टरचीही पत्रं थांबली. मोहनबाई अधूनमधून विचारायच्या, ''त्या पावण्यांची कायी खबर?'' कल्पेश नाही म्हणायचा. कॅनडात चौकशी करायची तर कुणाकडे? त्या घरात दुसरं कुणी नव्हतंच.

आज त्या गोष्टीला वर्षं झाली. मोहनबाई थकल्या आहेत. कल्पेश दुपारी दुकान बंद ठेवून घरी येतो आणि त्यांच्याजवळ बसतो. मला आता काम नाही. मी पडवीतल्या फळीवर असतो, माझे गुलाब गंजून गेले आहेत. माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्याही घरी एखादा जुना थर्मास असेल. तो ठेवून द्यायचा असेल तर खुशाल ठेवून द्या, पण त्याचं बूच लावू नका. बंद थर्मास आतल्या आत कुबट होतो आणि बाहेरून कुणाला कळतही नाही.