वना मिस्त्रीच्या नावाची धार

भडगावात गिरणेकाठी चुडामण मिस्त्रीचं दुकान आहे. बैलगाडीची लाकडी चाकं करणारा हा आमच्या भागातला शेवटचा माणूस. गाड्यांना रबरी टायर आले तेव्हापासून त्या दुकानात दोनच उद्योग चालतात. चुडामण तंबाखू मळतो आणि मी, म्हणजे नाना, बोलतो. माझ्या बोलण्यात शेराला पावशेर पाणी असतं, हे गावाला ठाऊक आहे. या हकिकतीत मात्र छटाकभरच आहे. कुठे, ते तुम्ही शोधा.

चुडामणची नात भूमिका ठिबकच्या कंपनीत इंजिनियर. कंपनीने तिला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर धाडलं, तिथल्या केळीबागांना ठिबक बसवायला. बेटाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही मोबाइलवर शोधाल आणि मला खोटं पाडाल. तिथे उसाच्या रसाची रम होते, आणि ती इतकी कडक की विमानवाले बाटली आत येऊ देत नाहीत. एका पोपटाने म्हणे बाटलीचं नुसतं झाकण चाटलं, तर तीन दिवस मांजराला मावशी म्हणत फिरला.

मार्चातल्या एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. इथे दिवेलागण, तिकडे सकाळ.

"आबा, एक चाक बिघडलंय."

"टायर बदली टाक," चुडामण म्हणाला.

"लाकडाचं आहे. दोन पुरुष उंच."

चुडामणच्या हातातली तंबाखू खाली सांडली.

रमच्या भट्टीवर पाणचक्की होती. ओढ्याचं पाणी चाकावर पडायचं, चाक फिरायचं, त्याच्या जोरावर चरकात ऊस पिळला जायचा. ज्यांना साखळ्या घालून ऊस तोडायला बेटावर आणलं होतं, त्यांच्याच वंशजांच्या मालकीची ती भट्टी आता होती. मालकीण मिस ओडेट, वय ऐंशी. पहिला ऊस चरकात घालायच्या दिवशी सगळं बेट तिथे जमतं, आणि चाकाच्या कुरकुरीवर ढोलाचा ताल धरतात. यंदा ओढा आटला, चाक पाच महिने कोरडं राहून खिळखिळं झालं. आता पाणी आलं, तर चाक फिरेना. म्हातारीचा भाचा म्हणत होता, इलेक्ट्रिक मोटर बसवू, चाक शोभेला हॉटेलवाल्याला देऊन टाकू. म्हातारीने त्याच्याकडून पहिल्या उसापर्यंतची मुदत मागून घेतली होती. नऊ दिवस.

"मोटरने पिळला म्हणून रस काय कडू होणार आहे?" मी विचारलं.

भूमिकाने ते म्हातारीला सांगितलं आणि उत्तर आणलं. "ती म्हणते, रस गोडच होईल. पण ढोलकऱ्यांनी ताल कुणाकडून घ्यायचा?"

चुडामणने डोळे मिटले. "मोबाइल आराले लाव. हातोडी मार."

चाकाला चोवीस आरे. भूमिका एकेकावर हातोडी मारी, चुडामण वैदूने नाडी पाहावी तसा ऐके. मधेच ओरडला, "पाचर कोनी ठोकी?"

"भाच्याने, आबा. सैल झालं म्हणून सगळीकडे लोखंडी पाचरी मारल्यात."

चुडामणने कपाळावर हात मारून घेतला. उन्हाळ्यात चाक सैल पडलं की पाचर मारायची नसते, हे आमच्याकडे बैलालाही कळायचं. चाक सोडायचं आणि गिरणेच्या डोहात बुडवून ठेवायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, आपोआप घट्ट बसतं. पाचरी मारल्या तर फुगायला जागा राहत नाही. मग लाकूड तडकतं.

"लाकूडले तहान लागेल शे, नि तुम्ही त्याले मारी राह्यनात! बठ्ठ्या पाचरी काढा. पानी पाजा."

"एवढं चाक बुडवू कुठे, आबा? उतरवलं तर ते ज्यावर बसवलंय तो दगडी कट्टा ढासळेल."

"मांगे काय दिसस ते? केळीच ना? मंग रडस काबर?"

केळीच्या खांबाची सालपटं भिजवून प्रत्येक आऱ्याला गुंडाळायची, सुतळीने बांधायची आणि दिवसातून चारदा पाणी मारायचं, असा चुडामणचा हुकूम सुटला. तेवढ्यात आतून त्याची बायको वच्छलाबाई म्हणाली, "घरना पाट दोन वरीस पाईन डुगडुगस. तो दखाले टाइम नही, नि समुद्रपारना चाकले पानी पाजस!"

रोज संध्याकाळी कॉल यायचा. भाच्याने मोटरचं खोकं आणून चाकाशेजारीच ठेवलं होतं. सहाव्या दिवशीही आरे डबडबच वाजले, म्हणजे अजून सैलच.

फोन ठेवल्यावर चुडामण हळूच म्हणाला, "नाना, आपन बैलगाडीनं चाक करनारा. हाई पानीनं. मना बापनी बी असं कधी दखेल नही."

मी एवढा थापाड्या, पण त्या संध्याकाळी त्याच्यासाठी नुसती तंबाखू मळली.

नवव्या दिवशी दुकानात अर्धं भडगाव गोळा झालं. मोबाइल ऐरणीवर टेकवून ठेवला. भूमिकाने सालपटं सोडली आणि हातोडी मारली. ठण्ण! दुसरा, ठण्ण! तेवीस आरे देवळातल्या घंटेसारखे वाजले. चोविसावा मात्र डब्ब.

"तो म्हातारा शे," चुडामण म्हणाला. "ऱ्हाऊ द्या. बाकीना त्याले सांभाळी लेतीन. सोडा पानी."

पाणी पडलं. चाक हललं नाही. मग वीतभर सरकलं आणि थांबलं. दुकानात कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग एक लांब कुर्रर्र ऐकू आली, आणि चाक फिरलं! पहिला ऊस चरकात गेला. एक ढोलकरी मोटरच्या खोक्यावर बसला आणि खोकंच बडवू लागला. भाचा आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग स्वतःच नाचायला लागला.

मग मिस ओडेटने गेल्या वर्षीच्या रमची बाटली उघडली. तिथली रीत अशी की पहिली धार भुईला द्यायची, गेलेल्यांची नावं घेत. आमच्या सातपुड्यात पावरा लोक मोहाच्या दारूचं तसंच करतात. म्हातारीने एकेक नाव घेतलं, आणि शेवटी मोठ्याने म्हणाली, "चुडामण!"

चुडामण ताडकन उठला. "ओ बाई! मी अजून जित्ता शे!"

भूमिका हसत सुटली. तिने म्हातारीला सांगितलं आणि परत विचारलं, "आबा, ती म्हणते, मग तुम्हाला ज्याने शिकवलं त्याचं नाव द्या."

चुडामणने डोक्यावरची टोपी नीट केली. "वना मिस्त्री. मना बाप."

म्हातारीने नाव तोंडात घोळवलं. बाटली कलली.

"थांब, थांब!" चुडामण मोबाइलवर धावला. "मना बाप माळकरी व्हता! जलमभर थेंब नही लिन्हा! सपनमा यीसन मले झोडपी!"

भूमिकाने सांगितल्यावर म्हातारी इतकी हसली की तिला धरावं लागलं. मग तिने बाटली बाजूला ठेवली, चरकाखाली पेला धरला आणि ताज्या रसाची धार भुईवर सोडली.

"वना!"

"वना!" सगळं बेट ओरडलं. मागे चाक कुरकुरत होतं.

चुडामणने खुंटीवरचा लाकूड तासायचा वाकस काढला, त्याची धार अंगठ्याने पाहिली आणि आत हाक मारली.

"आन बरं तो पाट."