अकरा फॉर्म

प्रीतीमॅडमनी गठ्ठ्यातून अकरा फॉर्म वेगळे काढले, त्यांना लाल क्लिप लावली आणि माझ्यापुढे सरकवले.

"प्राची, हे घरी बसून भरलेले आहेत."

वेणूताई माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"मी स्वतः फोन केले," मॅडम म्हणाल्या. "दहा बायका म्हणाल्या, आम्ही घरी कसलंही काम करत नाही आणि आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. अकरावीनं तर राँग नंबर म्हणून ठेवून दिला. हे आकडे मी प्रबंधात कसे जाऊ देऊ?"

प्रबंध माझा होता, मॅडम माझ्या मार्गदर्शक. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये गल्लोगल्ली जीन्सचे कारखाने आहेत. रंगवून, धुऊन आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम घरोघरच्या बायकांकडे येतं. त्या निळ्या धुळीनं त्यांच्या छातीचं आणि कातडीचं काय होतं, हा माझा विषय. एकशे वीस घरं होती आणि जवळजवळ सगळे फॉर्म वेणूताईंनी भरले होते. अकरा खोटे ठरले की उरलेले खरे कोण मानणार? आणि एकाच गल्लीतली नेमकी तीच अकरा घरं सगळ्यात जास्त खोकणारी होती. माझी चार वर्षं त्या लाल क्लिपमध्ये अडकली होती.

वेणूताईंनी घसा साफ केला. "मॅडम, एकतीस वर्षं मी फॉर्म भरते. घरात बसून भरले असते तर माझे गुडघे शाबूत नसते का राहिले?"

मॅडम हसल्या नाहीत. मला मात्र अवेळी हसू आलं आणि मी ते गिळलं.

वेणूताई बदलापूरच्या शिरगावच्या. वय चोपन्न, शिक्षण बारावी. नवरा जयदेव अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. पोरींची शाळा का सुटते याच्या पाहणीसाठी तेविसाव्या वर्षी त्यांनी पहिला फॉर्म भरला आणि मग कुठलाच विषय सोडला नाही. निवडणुकीच्या अभ्यासात एका उमेदवाराच्या पोरांनी त्यांना बळेबळे चहा पाजून "ताई, आपली हवा कशी आहे?" विचारलं, तर या चहा पिऊन "साखर जास्त झाली" एवढंच सांगून उठल्या. पाण्याच्या अभ्यासात नाल्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन जाताना एकही रिक्षावाला त्यांना बसवून घेईना, तेव्हा वासासकट अंबरनाथपर्यंत चालत गेल्या. किती जण त्यांच्या फॉर्मवर डॉक्टर झाले, देव जाणे. त्यांच्या घरी त्यातला एकही ग्रंथ नाही. द्यावा असं कुणाला सुचलंच नाही.

"मग बायका 'नाही' का म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

"घाबरल्या. गल्लीत कुणीतरी उठवलंय, घरी माल करणाऱ्यांचा लाइटचा मीटर दुकानाचा करून जादा बिल लावणार म्हणून. त्यात तुमचा फोन. एवढ्या शुद्ध भाषेत आमच्याकडं एकतर बँक बोलते, नायतर सरकार. कोण खरं सांगणार?"

"ठीक आहे. मग मला ती घरं दाखवा. फॉर्मवर नुसता फोन नंबर आहे, पत्ते तुमच्या डायरीत आहेत ना?"

"हायेत."

"द्या डायरी."

"ती नाय देणार."

मॅडमनी चष्मा काढला. वेणूताईंनी समोरच्या फॉर्मच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहून दिलंय ना? आपली ओळख गुप्त ठेवली जाईल. मी हे प्रत्येकीला वाचून दाखवते. वाचून दाखवते आणि वर माझं आपलं बोलते, की बाई, तुझं दार मी कोणाला दाखवणार नाय. आता तुम्हाला दाखवलं तर मग मी काय वाचत होते?"

ते वाक्य आम्ही सगळेच छापतो. कागद समितीपुढे ठेवायचा असतो म्हणून छापतो. एकतीस वर्षं ते कुणी खरं मानून चाललंय, हे मला त्या दिवशी कळलं.

"गल्लीपर्यंत तरी चला," मॅडम उठल्या. त्यांचंही चुकत नव्हतं. खोट्या फॉर्मनी हात पोळलेल्या बाई त्या.

शेअर रिक्षात वेणूताई पर्स उचकत बसल्या. पास, रुमाल, गोळ्यांची पाकिटं, सगळं मांडीवर आलं.

"काय शोधताय?" मी हळूच विचारलं.

"कात्री गं माझी. पंधरा दिवस झाले, मिळत नाय."

मला ती कात्री चांगली ठाऊक होती. पहिल्या वीस घरांना मी त्यांच्यासोबत गेले होते. मी दारात उभी राहून प्रश्नावली वाचायला लागले, तर त्यांनी मला खाली बसवलं, समोरच्या ढिगातली एक पँट मांडीवर ओढली, पर्समधून स्वतःची छोटी कात्री काढली आणि धागे कापत कापत विचारपूस सुरू केली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तिचा हात थांबला की तोंड पण थांबतं. आणि माझ्यामुळं तिचा माल कशाला मागं पडायला पायजे?"

चौदावा प्रश्न होता, 'आपल्याला श्वसनाचा त्रास आहे का?' त्याला सगळ्या जणी नाही म्हणायच्या. वेणूताई इमानदारीत 'नाही' वर खूण करायच्या. मग दोन-चार धागे कापून विचारायच्या, "झोपताना उशा किती लागतात गं?" आणि जे उत्तर येईल ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहायच्या. 'दोन उशा.' 'कणीक मळताना पीठ निळं होतं.' मॅडमना नेमकं तेच खटकलं होतं. मागं गोष्टी रचल्यात, म्हणाल्या.

गल्लीत दोन्ही बाजूंना दारं उघडी होती आणि प्रत्येक उंबऱ्याआत पँटींचा ढीग. आम्ही शिरलो तशी बोलणी थांबली. दोन दारं आतून लोटली गेली.

"यातलं कुठलं?" मॅडमनी विचारलं.

वेणूताईंनी नकारार्थी मान हलवली.

"एक तरी दाखवा. एकच."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, दाखवून टाका ना ताई. कोण विचारतंय त्या छापील वाक्याला? माझं सगळं बुडतंय इथे. हे मनात आलं याची मला अजून लाज वाटते.

"म्हणजे मी काय समजायचं?" मॅडमचा आवाज चढला. "तुम्ही इथे आलाच नव्हता. सगळं खोटं लिहिलंत तुम्ही!"

गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं. वेणूताईंचा चेहरा उतरला, पण आवाज होता तसाच राहिला. "समजा तसं. रद्द करा फॉर्म. यापुढं मला काम पण देऊ नका. पण दार नाय दाखवणार."

त्या वळल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या तोंडाकडे चालू लागल्या. मी कुणाच्या मागे जावं ते मला कळेना.

"वेणूताई! ओ वेणूताई, थांबा!"

लोटलेल्या दारांपैकी एक उघडलं होतं. पन्नाशीची एक बाई पायऱ्या उतरून आली. कोपरापर्यंत दोन्ही हात निळे होते आणि हातात एक छोटी कात्री होती.

"तुमची कात्री. त्या दिवशी ढिगात ऱ्हायली. शेठचा माणूस माल उचलून चालला होता, तर मी गठडी सोडून सगळ्या पँटी परत उपसल्या. बोलली, ताईंची आहे, अशी कशी जाऊ देऊ?"

वेणूताईंनी कात्री घेतली नाही. त्या एकदम जवळ गेल्या. "रखमाबाई, विचार करून बोल हां. तुला नको असंल तर आत्ता जा घरात. आम्ही चाललो."

"काय विचार करू? तुम्हाला खोटं म्हणतात आणि मी दाराआड बसून ऐकू?" रखमाबाई मॅडमकडे वळली. "फोनवर मी खोटं बोलली मॅडम. ह्या नाय. दोन टाइम येऊन गेल्यात माझ्याकडं, खाली बसून. मीटर बदलायचा तर बदला. या आत."

तिला खोकला आला. तो लवकर थांबला नाही. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली, आणि हात काढला तेव्हा चुन्यावर निळी बोटं उमटली होती. तिथे आधीचीही पुष्कळ होती.

आत बसायला खुर्ची नव्हती. मॅडम जमिनीवर बसल्या, साडी सावरून. मी सोबत आणलेल्या फॉर्मांची लाल क्लिप काढली. वेणूताईंनी नुसता नंबर सांगितला, "चौऱ्याऐंशी." तो फॉर्म मॅडमनी मांडीवर घेतला आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. चौदाव्या प्रश्नापर्यंत सगळी उत्तरं जशीच्या तशी जुळली.

"आपल्याला श्वसनाचा त्रास आहे का?"

"नाय," रखमाबाई म्हणाली.

आत्ताच खोकून दमलेली बाई. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग वेणूताईंकडे. वेणूताईंनी फक्त ढिगातली एक पँट मॅडमच्या मांडीवर ठेवली आणि रखमाबाईकडून आपली कात्री घेऊन पुढे केली.

मॅडमनी ती घेतली. पहिला धागा अर्धवटच कापला गेला.

"तसं नाय ओ," रखमाबाई हसली. "मुळापासून. हां, असं."

आणखी दोन-चार धागे कापून झाले. मग मॅडमनी मान वर न करता विचारलं, "झोपताना उशा किती लागतात तुम्हाला?"

"तीन."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी फॉर्म उलटा करून बघितला आणि वेणूताईंना दिला. तो देताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. ही बाई माझे फॉर्म भरते, हे मला त्या गल्लीत ओरडून सांगावंसं वाटलं.

वेणूताईंनी चष्मा लावला. मागच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'दोन उशा.' त्यांनी ते खोडलं नाही. पेन्सिलीला जिभेचं टोक लावून त्याखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'तीन.'