तोंडातला घास

“आत या की हो, असे कुंपणापाशी काय उभे?” शापीराने भाकरीचा तुकडा तोंडात टाकता टाकता हाक मारली.

चुलत दीर हानीन जागचा हलला नाही. “नको वहिनी. मी प्रेताला शिवलोय.”

शापीराचं चावणंच थांबलं. हानीन पुरोहित घराण्यातला. असा माणूस प्रेताच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. वाटेत देह पडलेला असेल आणि माती द्यायला दुसरं कुणीच नसेल, तर तेवढी मुभा. आणि हानीन गेला होता तिच्या नवऱ्याबरोबर, यरुशलेमला, मंदिरातली सेवेची पाळी करायला.

“माझा येशेबाब कुठंय?” समोर जेवत बसलेल्या सासूने, मिखाने विचारलं.

“उतारावर गाढव बुजलं, काकू. डोकं दगडावर आपटलं. पाणी तोंडात घालेपर्यंत सगळं संपलं होतं हो!” हानीन कुंपणाबाहेर मटकन खाली बसला आणि त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

शापीराच्या कानात नुसतं घूं घूं होऊ लागलं. बारा वर्षांचा संसार, आणि एका वाक्यात आटोपला? असं कसं होईल?

“थुंक!” मिखा किंचाळली.

“आं?”

“घास थुंक तो! तेरुम्याची भाकरी आहे, कळत नाही?”

तेरुमा म्हणजे पिकातून देवाच्या नावाने आधी काढलेला वाटा. तो पुरोहिताच्या घरानेच खायचा. शापीरा साध्या शेतकऱ्याची लेक. नवऱ्यामुळे तिला हा घास. पोटी मूल नाही, आता नवराही नाही. म्हणजे तोंडातला घाससुद्धा तिचा नव्हता. ‘पाहुणी आहेस तू या घरात,’ असं सासू उठता बसता ऐकवायची, ते असं खरं झालं.

शापीराने घास डाव्या तळव्यावर काढला.

“एखादं पोर झालं असतं तर त्याच्या जिवावर खाल्लं असतंस जन्मभर,” मिखा कपाळ बडवत म्हणाली. दुःखातसुद्धा तिची जीभ काही थांबेना. “मी नाही खात? हे गेले तेव्हा येशेबाब पाच वर्षांचा होता. तेव्हापासून त्याच्याच जिवावर मी...”

बोलता बोलता तिचा हात गालाकडे गेला. तिच्याही गालात घास होता.

मिखाही शेतकऱ्याचीच लेक. एकुलता एक मुलगा गेला, त्याच्यामागे नातू ना नात. चाळीस वर्षं या चुलीपुढे बसलेली ती, बारा वर्षं सुनेला पाहुणी म्हणत आली होती. म्हातारीचे डोळे एकदम भेदरलेल्या पोरीसारखे झाले. तिने सुनेकडे पाहिलं, मग कुंपणाकडे. हानीनने मान खाली घातली.

तिला गिळवेना, थुंकवेना.

शापीरा सरकून जवळ गेली. दुसरा तळवा तिने सासूच्या हनुवटीखाली धरला.

“टाका, आई,” ती म्हणाली. “माझ्या हातावर टाका.”