आठ दशांश सेकंद

इटलीत मोडेनाजवळच्या आमच्या छोट्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर एक नियम होता. सगळ्यात वेगवान गाडीला चाचणीफेरीला नव्वद सेकंद लागले, तर बाकीच्यांना शहाण्णव सेकंद, तीन दशांशांपर्यंत सवलत. त्याहून हळू असेल तो शर्यतीबाहेर. सूट द्यायचा अधिकार आम्हा तीन पंचांना होता, पण त्या दिवसापर्यंत तो कुणी वापरला नव्हता.

ओरेस्ते माझा शाळेतला दोस्त. वय एकसष्ट, धंदा ट्रॅक्टरदुरुस्तीचा. गाडी त्याने स्वतः बांधलेली. त्या दिवशी सगळ्यात वेगवान गाडी बरोबर नव्वद सेकंदांत आली, आणि तो सत्त्याण्णव सेकंद, एक दशांशात.

"रेन्झो, आठ दशांशच ना! एक शिंक आली तरी तेवढे जातात."

"नियम आहे, बाबा."

"म्हातारे हाकलायला काढलाय हा नियम. सरळ सांग की तसं!"

त्याची दोन्ही नातवंडं कठड्याशी उभी होती. मी सुटीच्या कागदावर सही केली. माझं बघून दुसऱ्या पंचानेही केली. तिसऱ्या पंच लुचानाबाई मात्र पेन बाजूला ठेवून म्हणाल्या, "तो आपटेल म्हणून नाहीये हा नियम. मागून येणाऱ्याचा विचार करा. त्याला वाटतं, पुढची गाडीही आपल्याच वेगानं जाणार."

"तुम्ही उगाच धास्ती घेता," मी म्हणालो. दोनास एक, ठराव मंजूर.

चौदाव्या फेरीत चढामागच्या वळणाला ओरेस्तेने ब्रेक दाबला. तिथे बाकी कुणी ब्रेक लावत नाही. चढामुळे तो दिसतही नव्हता. त्याला एका फेरीने मागे टाकायला मागून इलारिया आली, तेवीस वर्षांची, त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर. त्याला वाचवायला तिने गाडी डावीकडे मारली आणि ती थेट भिंतीवर गेली. ओरेस्तेच्या गाडीला ओरखडाही आला नाही. तिच्या उजव्या घोट्याचा चुरा झाला. ती पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

इस्पितळाच्या जिन्यावर ओरेस्ते माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "तू नाही म्हणाला असतास, तर मी महिनाभर तुझ्याशी बोललो नसतो. एवढंच झालं असतं रे."

त्याने ती गाडी कापून भंगारात दिली. मी पंचपद सोडलं. लुचानाबाईंनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारच्या बाजारात कधीकधी इलारिया भेटते. काठी घेऊन चालते, टोमॅटो दाबून बघते, मला पाहून हात करते.

"कसे आहात, काका?"

"बरा आहे," मी म्हणतो. माफी मागायची म्हणून शब्द जुळवत असतो, तोवर ती पुढच्या दुकानाकडे गेलेली असते.