पोटात जांभळा

लेकीचं लग्न झालं की आईने मन मोठं करावं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? नोएमीला विचारा. मार्योरी तिची एकुलती एक. लग्नाला वर्ष व्हायच्या आत या पोरीच्या तोंडी ऊठसूट एकच नाव, मम्मा फाबिओला. मम्मा फाबिओलाने पडदे सुचवले. मम्मा फाबिओला राजम्यात गाजर किसून घालते. सासूला मम्मा म्हणायची एवढी घाई! नोएमीच्या काळजाला रोज नवी सुई टोचायची, आणि वर हसून म्हणावं लागायचं, "हो का? छान."

त्यात डिसेंबर आला. कोलंबियातल्या या मानिसालेस गावात डिसेंबरात घराला रंग काढत नाही तो माणूस एक तर आजारी, नाही तर कंजूष. मार्योरी आणि तिचा नवरा दुवान यांचा तर फ्लॅटच नवा, बिल्डरने दिला तसा, भिंतींना नुसतं सिमेंट. आणि नाताळआधीच्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनांमधली पहिली त्यांच्याकडे ठरलेली. दोन्हीकडची मंडळी येणार होती. नोएमी फोनची वाट बघत बसली. गल्लीत कुणाचंही घर रंगायचं असलं तरी लोक तिलाच विचारायचे. पांढरे, बदामी, करडे हे साधे, बिनधोक रंग असं कुणी म्हटलं की ती उसळायची. "साधे कसले? लाल तोंडावर सांगतो, बाबा मी लाल. हे मेले सगळं पोटात ठेवतात. कुणाच्या पोटात हिरवा, कुणाच्या गुलाबी. भिंतीवर चढले की मग ओकतात!"

शेवटी फोन आला.

"आई, शनिवारी रंगाच्या दुकानात येशील? मम्मा फाबिओलाने एक करडा काढून ठेवलाय."

काढून ठेवलाय! म्हणजे ठरलंच की. मग मी कशाला, पिशव्या धरायला? पण गेली. न जाऊन करते काय.

दुकानात फाबिओला आधीच हजर होती, केस सेट केलेले, गळ्यात रेशमी रुमाल. "विहीणबाई, बघा तरी," म्हणत तिने रंगाचं कार्ड पुढे केलं. "'पहाटेचं धुकं' नाव आहे. माझी बहीण माद्रिदला असते ना, तिचं सगळं घर असंच. हल्ली पिवळट भिंती कोण ठेवतंय!"

नोएमीच्या घराच्या भिंती पिवळट बदामी होत्या. फाबिओला सहज बोलली असेल, पण नोएमीने तो टोमणाच धरला.

तिने कार्ड काउंटरवरच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवलं. झालं, शुभ्र पांढऱ्याच्या शेजारी कुणाचं काही लपत नाही. जांभळा! चांगला मुरलेला जांभळा होता त्या धुक्याच्या पोटात. आणि लेकीच्या घरात फरशी लोण्यासारखी पिवळी, दारं मधाच्या रंगाची. पिवळ्याला असला करडा खेटून ठेवणं म्हणजे भांडलेल्या विहिणींना एका बाकावर बसवणं, दोघी एकमेकींना चिथावणार. वर इथला ढगाळ उजेड, त्यात जांभळा आणखीच उठणार. त्या घराला हवा होता किंचित हिरवट झाकेचा बदामी, फरशीलाही धरून आणि दारांनाही. हे सगळं तिला एका नजरेत कळलं.

मार्योरी तिच्याकडे टक लावून बघत होती. "आई? कसा वाटतो?"

शब्द ओठांवर आले होते. पण आत दुसरंच काहीतरी फणा काढून बसलं होतं. होऊ दे, म्हणालं ते. सगळ्या गोतावळ्यासमोर पडू दे हिला तोंडावर. मग कळेल पोरीला, आई कोण आणि मम्मा कोण.

"छान आहे," नोएमी म्हणाली.

"खरंच?"

"अगं, तुझ्या सासूबाईंना कळतं त्यातलं."

मार्योरी क्षणभर घुटमळली. मग तिने दुकानदाराला डबे काढायला सांगितले.

घरी येऊन नोएमीने नवऱ्याला सगळं सांगितलं, म्हणजे सांगितल्याशिवाय राहवेना. हिल्दार्दोने कॉफीचा कप खाली ठेवला.

"अगं मग उचल फोन! अजून डबे उघडले नसतील."

"मी का उचलू? मम्मा आहे की तिची."

"जळतेस तू."

"हो, जळते! रात्र रात्र उशाशी मी बसले, आणि मिरवणार ही बया? जळू नको तर काय आरती ओवाळू तिची?"

हिल्दार्दोने कप उचलला आणि तो बाल्कनीत गेला.

पहिल्या प्रार्थनेच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. कोपऱ्यात येशूजन्माचा देखावा, वर पांढरे दिवे लखलखत होते आणि चारही भिंती जांभळ्या. दुवानची आत्या दारातच थबकली.

"अगोबाई! पाद्रीबाबा या महिन्यात जांभळं घालतात ते ठाऊक होतं. तुम्ही तर भिंतींनाच घातलंत!"

हास्याचा नुसता स्फोट झाला. कुणी म्हणालं, बिशपना राहायला बोलवा. फाबिओला कसनुसं हसली. "कार्डावर करडाच होता हो," ती म्हणत राहिली, ज्याला त्याला म्हणत राहिली. नोएमीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या दिवशी नाताळची गाणी तिने सगळ्यांच्या वर आवाज लावून म्हटली.

प्रार्थना झाल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. मार्योरी चीजचे गोळे तळत होती. डोळे लाल झाले होते.

"रडतेस काय वेडे? तुझा काय दोष? मी तर दुकानातच ओळखलं होतं, पोटात जांभळा आहे म्हणून."

झारा कढईवर थांबला. "दुकानातच?"

"एका नजरेत!" नोएमी कौतुकाची वाट बघू लागली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतंय? तुमचं ठरूनच आलं होतं."

"मी विचारलं, आई. दोनदा विचारलं. मला शंका होतीच, पण सासूबाईंना तोंडावर नाही कसं म्हणू? म्हणून तर तुला बोलावलं. म्हटलं, खोट असली तर आई गप्प बसायची नाही, अनोळखी बायकांच्या हातातली कार्डं काढून घेते ती. तू छान म्हणालीस म्हणून घेतला मी तो रंग."

"अगं, मला वाटलं..." काय वाटलं, ते सांगण्यासारखं नव्हतं. "जानेवारीत बदलू ना. मी येते, चांगला बदामी..."

"बघू."

मार्योरीचा आवाज चढला नाही. चढला असता तर नोएमीला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

"तू बाहेर बस आई, पाहुण्यांबरोबर," ती म्हणाली, आणि दाराकडे वळून हाक मारली, "मम्मा, जरा आत येता? तळणाकडे बघायला कुणीतरी हवंय."

फाबिओला डोळे टिपत आली. दारात दोघी विहिणी समोरासमोर आल्या. "माझ्या खुर्चीवर बसा तुम्ही," फाबिओला म्हणाली, अगदी मनापासून.

नोएमी जाऊन बसली. आत त्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या. तिने खूप कान दिला, पण तेलाच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना.